ऊस, ऊतिसंवर्धन आणि ऊर्जा : बेणे कोणाच्या हाती?

(वाडी रत्नागिरी, जोतिबा डोंगर येथे शेतकरी-शेतमजूर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या डोंगराच्या एका अंगाला वारणेचे खोरे आहे आणि दुसऱ्या अंगाला पंचगंगेचे. दोन्ही खोऱ्यांत ऊस आहे, दोन्हींत कारखान्यांची धुराडी आहेत, आणि दोन्हींतील शेतकरी चैत्री पौर्णिमेला सासनकाठ्या घेऊन येथे येतो. उसाविषयी विचार करावयाचा तर याहून योग्य स्थान क्वचितच सापडेल. मात्र आज आपण दराच्या घोषणेपासून सुरुवात करणार नाही. दराच्या आधी पीक येते आणि पिकाच्या आधी बेणे येते. प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत वाढविलेले उसाचे रोप आणि त्या उसापासून निघणारे इंधन, या दोन गोष्टींचा आपल्या जीवनाशी काय संबंध आहे, हा आजचा विषय आहे. विषय शास्त्राचा वाटतो. परंतु नीट पाहिले तर तो मालकीचा, पाण्याचा आणि श्रमाचा विषय आहे.

प्रथम उसाचा स्वभाव ध्यानात घेऊ. ज्वारी-बाजरीप्रमाणे आपण उसाचे बी पेरीत नाही, टिपरी लावतो. टिपरीवरचा डोळा फुटतो आणि नवा ऊस उभा राहतो. म्हणजे नवा ऊस हा जुन्या उसाचे अपत्य नव्हे, तर त्याच्याच शरीराचा विस्तार होय. याचा लाभ असा की, जातीचा गुण जसाच्या तसा उतरतो. तोटा असा की, रोगही जसाच्या तसा उतरतो. गवताळ वाढ, काणी, मोझेक, खोडव्याचा खुजेपणा ही सारी दुखणी बेण्यातून पुढच्या शेतात जातात. एकेकाळी महाराष्ट्रभर पसरलेल्या को ७४० या जातीला काणी आणि गवताळ वाढ यांनी कसे ग्रासले, हे जुन्या शेतकऱ्यांना सांगावयास नको.

दुसरी अडचण वेगाची. एका एकराच्या बेण्यात साधारण दहा एकर लागण होते. एखाद्या नव्या जातीचे एक गुंठा बेणे तुम्हांला मिळाले, तर पहिल्या वर्षाअखेर दहा गुंठ्यांची लागण होईल, दुसऱ्या वर्षी अडीच एकरांची, तिसऱ्या वर्षी पंचवीस, चौथ्या वर्षी अडीचशे आणि पाचव्या वर्षी अडीच हजार. कागदावर हे पाच वर्षांचे काम आहे. प्रत्यक्षात बेणे विकले जाते, मोडले जाते, गुऱ्हाळाला किंवा कारखान्याला जाते, आणि नवी जात सामान्य शेतकऱ्याच्या बांधावर पोचेपर्यंत दहा वर्षे लोटतात. तोपर्यंत दहापटीने जात वाढलेली असते, तसा दहापटीने रोगही वाढलेला असतो. शिवाय या काळात पहिले बेणे कोणाला मिळते? ज्याची कारखान्याच्या कार्यालयात ऊठबस आहे, त्याला. वीस गुंठेवाल्याच्या वाट्याला येते ते शेवटचे, थकलेले बेणे.

ऊतिसंवर्धनाने या दोन्ही अडचणींवर उपाय दिला आहे. निरोगी उसाचा शेंडा घ्यावयाचा, त्यावरील पानांची आवरणे एकेक करून उतरवावयाची, आणि अगदी आतला वाढता कोंब निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत ठेवावयाचा. बाटलीत माती नसते. नत्र, स्फुरद, पालाश, लोह, जीवनसत्त्वे आणि साखर यांचे मिश्रण असते. साखर देणाऱ्या पिकाला बाल्यावस्थेत आपल्याला साखर भरवावी लागते, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. पेशींना फुटवे फोडावयास सांगणारे एक संजीवक आणि मुळे फोडावयास सांगणारे दुसरे, यांचे प्रमाण बदलून प्रथम फुटव्यांची संख्या वाढवितात आणि मग त्यांना मुळे आणतात. खोलीचे तापमान पंचवीस अंशांच्या आसपास आणि उजेड दिवसाचे सोळा तास ठेवतात. पुढे शेडनेटखाली काही आठवडे रोपे रुळवितात, कारण बाटलीतल्या लाडावलेल्या रोपाला एकदम ऊन-वारा सोसत नाही.

रोगमुक्तीचे रहस्य त्या कोंबाच्या टोकाशी आहे. टोकाचा अर्धा मिलिमीटरभर भाग इतक्या झपाट्याने वाढत असतो, आणि रसवाहिन्या तेथवर पोचलेल्या नसल्यामुळे, विषाणूला तेथे सहसा शिरकाव मिळत नाही. म्हणून तेवढाच भाग अलगद काढून वाढविला तर रोगट उसापासूनही निरोगी रोप मिळू शकते. वेगाचा हिशेब तुम्हीच करा. दर तीन-चार आठवड्यांनी एका फुटव्याचे तीन झाले, तर आठ फेऱ्यांत एकाचे सहा हजार पाचशे एकसष्ट होतात. पाच फूट सरी आणि दोन फूट अंतर धरले तर एकराला ४३५६ रोपे लागतात. म्हणजे मरतूक सोडून दिली तर एका शेंड्यातून सहासात महिन्यांत दीड एकराची रोपे. शंभर शेंड्यांतून दीडशे एकरांची.

ही विद्या कोणा एका कंपनीची नव्हे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. वनस्पतीच्या एका पेशीतून पुन्हा सारी वनस्पती उभी राहू शकेल, ही कल्पना हाबरलांट या शास्त्रज्ञाने १९०२ साली मांडली. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेले पोषणमिश्रण आजही जगभर वापरतात. उसाच्या पेशींपासून पूर्ण रोप तयार करण्यात हवाई बेटांवरील संशोधकांना १९६९ च्या सुमारास यश आले. आणि १९७५ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हेंद्रे, मस्करेन्हस, जगन्नाथन आदी संशोधकांनी शेंड्यातील कोंबापासून मोझेकमुक्त उसाची रोपे वाढविल्याचे प्रसिद्ध केले. त्याच १९७५ साली सहकारी कारखान्यांनी मांजरी येथे संस्था उभारली, जी पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या प्रयोगशाळेतून अशी रोपे तयार होतात. अर्थात या ज्ञानामागे जनतेचा कर आहे, आणि उसाच्या टनामागे कापून गेलेली शेतकऱ्याची वर्गणी आहे. म्हणून बाटलीतल्या रोपावर पहिला हक्क कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर आपण संकोच न करता दिले पाहिजे.

परंतु शास्त्राचा गौरव करताना त्याच्या मर्यादा लपविणे हा शेतकऱ्याशी द्रोह ठरेल. बाटलीतून आलेल्या रोपाला पहिल्या पिढीत फुटवे पुष्कळ येतात, पण कांडी बारीक पडते. म्हणून ते गाळपासाठी नव्हे, तर बेण्यासाठी लावावयाचे असते. त्यापासून मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत बेणे आणि त्यापासून प्रमाणित बेणे अशी त्रिस्तरीय साखळी आहे. ही साखळी मधेच तोडून कोणी रोपे थेट गाळपाच्या उसासाठी विकू लागला, तर तो शेतकऱ्याच्या अज्ञानाचा व्यापार करीत आहे असे समजावे. दुसरे असे की, नफ्याच्या हव्यासाने त्याच कोंबाच्या फेऱ्या मर्यादेबाहेर वाढविल्या तर रोपांत विकृती येऊ लागतात. म्हणूनच ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था २००६ साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने सुरू केली. रोप विषाणूमुक्त आहे आणि मूळ जातीशी एकरूप आहे, ही खात्री तेथे दिली जाते. असे प्रमाणपत्र मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे.

तिसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ऊतिसंवर्धन जे वाढविते ते हुबेहूब वाढविते. लक्षावधी रोपे, पण सारी एकाच साच्याची! उत्तर प्रदेशात को ०२३८ ही जात इतकी लोकप्रिय झाली की, राज्यातील ऊसक्षेत्राचा फार मोठा भाग तिने व्यापला. पुढे लाल कूज रोगाने तिला गाठले आणि जिल्हेच्या जिल्हे अडचणीत आले. आपल्याकडेही को ८६०३२ या एकाच जातीवर आपण वर्षानुवर्षे विसंबून राहिलो आहोत. पाडेगावच्या संशोधन केंद्राने को एम ०२६५ सारख्या जाती दिल्या. बेणे झपाट्याने वाढविण्याचे साधन हाती असताना पुन्हा एकाच जातीचा उदो उदो करणे म्हणजे साऱ्या गावाने एकाच गंजीला आपले घर बांधण्यासारखे आहे. वेगाचे साधन विविधतेसाठी वापरावयाचे की एकसुरीपणासाठी, हा निर्णय बाटली करीत नाही, माणसे करतात.

आता ऊर्जेकडे वळू. १९७३ च्या तेलसंकटानंतर ब्राझीलने १९७५ साली उसापासून मोटारीचे इंधन करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली काही राज्यांत सुरू झाला. २०१८ साली जैवइंधनाचे राष्ट्रीय धोरण आले. २०२२ साली दहा टक्क्यांचा आणि २०२५ साली वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. परकीय तेलावरील परावलंबन कमी होणे ही देशहिताची गोष्ट आहे, यात शंका नाही. उसाच्या रसापासून, मळीपासून इथेनॉल निघते. गाळपानंतर उसाच्या वजनाच्या पाव हिश्श्याहून अधिक भुसा उरतो. तो जाळून कारखाने स्वतःची वाफ भागवितात आणि वीजही विकतात. आता एक पाऊल पुढे टाकून ज्यात साखर कमी आणि तंतू अधिक असा 'ऊर्जा-ऊस' वाढविण्याचा विचार जगभर चालला आहे. प्वेर्तो रिकोत अलेक्झांडर या संशोधकाने १९८५ साली या कल्पनेवर ग्रंथच लिहिला. गोड उसाचा कास या रानगवताशी संकर करून कोइमतूरच्या केंद्राने १९१८ साली को २०५ ही जात दिली होती. त्या रानगवताचा काटकपणाच आता इंधनासाठी पुन्हा बोलाविला जात आहे. आणि अशी नवी जात झपाट्याने पसरवावयाची तर साधन कोणते? ऊतिसंवर्धन.

येथे आपला खरा प्रश्न उभा राहतो. उसाची किंमत कायद्याने साखरेच्या उताऱ्यावर ठरते. ज्या उसापासून साखर करावयाचीच नाही, त्याची किंमत कशावर ठरणार? हिशेब पाहा. २०२२-२३ च्या हंगामात उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलचा दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता. एका टनापासून साधारण ७० लिटर मिळते. म्हणजे टनामागे साडेचार हजार रुपयांहून अधिक. त्याच हंगामात सव्वादहा टक्के उताऱ्याला रास्त व किफायतशीर दर टनाला ३०५० रुपये होता. प्रक्रियेचा खर्च, कर्जाचे व्याज, चढ्या उताऱ्याचा वाढीव दर हे सारे विचारात घ्यावे लागेल, हे मान्य. पण भुशाची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही, हेही तितकेच खरे. महाराष्ट्राने २०१३ साली कायदा करून महसुलाच्या वाटपाचे तत्त्व स्वीकारले : उपपदार्थांसह मिळणाऱ्या उत्पन्नाचे ७० टक्के, किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के ऊस उत्पादकाला. तत्त्व चांगले आहे. परंतु मद्यार्काचा आणि विजेचा हिशेब वेगळ्या वहीत आणि साखरेचा वेगळ्या वहीत राहिला, तर तत्त्व वहीच्या पुठ्ठ्यापुरतेच उरते.

शिवाय हा बाजार सरकारच्या एका आदेशावर हलतो. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी आली. आठवड्याभरात ती मर्यादित स्वरूपात शिथिल झाली आणि पुढच्या वर्षी उठली. ज्यांनी कर्ज काढून यंत्रे उभारली ते हवालदिल झाले. ब्राझीलमध्येही तेल स्वस्त झाल्यावर १९८९ च्या सुमारास मद्यार्काची टंचाई झाली आणि त्यावर चालणाऱ्या मोटारींच्या मालकांना पंपावर रांगा लावाव्या लागल्या. साखरेचा ऊस निदान गुऱ्हाळाला तरी नेता येतो. कोल्हापुरी गुळाची पेठ शाहू महाराजांच्या काळापासून नावाजलेली आहे. पण केवळ तंतूचा ऊर्जा-ऊस घेतला आणि खरेदीदाराने पाठ फिरविली, तर तो नेणार कोठे? म्हणून लेखी हमीभावावाचून अशी एक कांडीही लावू नये.

आता पाण्याचा हिशेब. उसाला साधारण १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. मध्यम आकडा २००० धरा. एकराला सुमारे ८१ लाख लिटर झाले. एकरी ४० टन उत्पन्न आणि टनाला ७० लिटर धरले तर २८०० लिटर इथेनॉल. म्हणजे एका लिटरमागे जवळजवळ २९०० लिटर पाणी. तेच पाणी, तेच शेत, पण निरोगी बेण्याने आणि चांगल्या मशागतीने एकरी ६० टन पिकविले, तर हा आकडा १९०० च्या आसपास येतो. निरोगी बेण्याचे सर्वांत मोठे समर्थन मला येथे दिसते. क्षेत्र न वाढविता, पाणी न वाढविता ऊर्जा वाढविण्याचा तो मार्ग आहे. मात्र एकरी उत्पन्न वाढले म्हणून आणखी माळ उसाखाली आणावयाचा, असे झाले तर वाचलेले पाणी पुन्हा उसाच्याच घशात जाईल. पाण्याचा वाटा ज्वारीला, भुईमुगाला, चाऱ्याला आणि पिण्याच्या घागरीला मिळाला तरच त्याला बचत म्हणता येईल.

पाण्याची दुसरी बाजू सांडपाण्याची. एका लिटर मद्यार्कामागे दहा-बारा लिटर सांडपाणी निघते. पंचगंगेच्या दुःखाला शहराचे मैलापाणी आणि इतर उद्योग जबाबदार आहेतच. परंतु साखर आणि मद्यार्क यांचा त्यातील वाटा नाकारता येणार नाही. नदी तडफडत असताना आपण 'हरित इंधना'ची भाषा करावी, हे शोभणारे नाही.

आणि श्रमाचा हिशेब तर आपण मांडतच नाही. बाटलीत ऊस कितीही सुबक वाढो, तो तोडावा लागतो कोयत्यानेच. बीडकडून, मराठवाड्यातून येणारी जोडपी पालात राहतात, उचल घेऊन येतात आणि बहुधा उचलीखालीच परततात. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. त्यानंतरही त्या स्त्रियांच्या दिवसात फारसा फरक पडलेला नाही. प्रयोगशाळेत बाटल्या हाताळणारे, कोंब कापणारे हातही पुष्कळदा स्त्रियांचेच असतात, आणि तेही बहुधा कंत्राटी. इंधनाच्या प्रत्येक लिटरमध्ये हे श्रम मिसळलेले आहेत. महसुलाच्या वाटपात त्यांचा टक्का कोठे आहे?

यावर दोन टोकांचे आक्षेप येतात. एक म्हणतो, हे सारे खासगी कंपन्यांवर सोपवा. त्या कार्यक्षमतेने करतील. कार्यक्षमता आम्हांलाही हवी आहे. पण बेण्याच्या उगमावर एकाची मक्तेदारी झाली की दर त्याचा, जात त्याची आणि नफाही त्याचाच होतो. सुदैवाने उसात एक स्वातंत्र्य निसर्गतःच आहे : एकदा लावलेल्या उसातून शेतकरी पुढचे बेणे स्वतः काढू शकतो. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने २००१ साली बेणे राखण्याचा, वापरण्याचा आणि देवघेवीचा हा हक्क मान्य केला आहे. कोणत्याही करारात हा हक्क सोडून देणारे कलम येऊ देऊ नका. दुसरा म्हणतो, ऊस हेच सर्व पापांचे मूळ. त्याचे बेणे सुधारणे म्हणजे रोगाला खतपाणी. त्याच्या तळमळीचा मी आदर करतो. परंतु वारणा-पंचगंगेच्या काठच्या अल्पभूधारकाच्या घरात जे थोडे रोख पैसे येतात ते उसाचेच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ऊस आठवडाच्या आठवडे पाण्याखाली राहिला, आणि पुढच्या लागणीला बेणे कोठून आणावे ही चिंता त्याच माणसाला पडली. त्याला चांगले बेणे नाकारून समाजवाद येणार नाही.

क्यूबाचा अनुभव आपण डोळसपणे पाहिला पाहिजे. त्या देशाने १९८० च्या दशकात ऊस, केळी यांच्या रोपांसाठी सार्वजनिक मालकीचे 'जैव-कारखाने' उभारले. पण पुढे बाजार कोसळला, यंत्रे जुनी झाली आणि २००२ साली जवळजवळ निम्मे साखर कारखाने बंद करावे लागले. उत्तम रोप एकट्याने उद्योग तारू शकत नाही. आणि सार्वजनिक मालकी ही कार्यक्षमतेला पर्यायही नव्हे. दोन्ही हव्यात.

म्हणून या वर्गातून आपण काही मागण्या आणि काही कामे घेऊन उतरू. प्रत्येक सहकारी कारखान्याने ऊतिसंवर्धित रोपांपासून त्रिस्तरीय बेणेमळा राखावा, आणि त्यातील बेणे प्रथम अल्पभूधारकाला, ठरलेल्या यादीप्रमाणे, जाहीर फलकावर नावे लावून द्यावे. रोपे रुळविण्याचे शेडनेट गावातील स्त्रियांच्या गटांकडे असावे. निदान तीन-चार जातींचे बेणे एका वेळी वाढवावे, आणि पूररेषेच्या वर महापुरासाठी राखीव बेणे ठेवावे. ऊर्जा-ऊस आलाच तर त्याचा दर साखरेच्या उताऱ्यावर नव्हे, तर त्यातून मिळणाऱ्या इंधनाच्या आणि विजेच्या किमतीवर ठरावा आणि तो हिशेब वार्षिक सभेपुढे यावा. ऊसक्षेत्राला पाण्याच्या उपलब्धतेची मर्यादा असावी. आणि तोडणी कामगाराला इथेनॉलच्या उत्पन्नात कायद्याने वाटा मिळावा.

यातील पहिली मागणी तर आपण येत्या वार्षिक सभेतच मांडू शकतो. त्यासाठी मुंबई-दिल्लीकडे पाहावयास नको. सभासदत्वाचा दाखला खिशात असला की पुरे. सभेत उभे राहून विचारा : आपल्या कारखान्याने गेल्या वर्षी किती रोपे आणली, ती कोणाच्या शेतात लागली, आणि तेथून बेणे कोणाला गेले? उत्तर न मिळाल्यास लेखी मागा. सासनकाठी एकाच्या खांद्यावर दिसते, पण तिचे दोर चहूबाजूंनी धरलेले असतात म्हणूनच ती उभी राहते. सहकाराचेही तसेच आहे. दोर आपण सोडले; काठी कोणीतरी आपल्या दाराशी नेऊन रोवली.

शास्त्राने आपले काम केले आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या कोंबातून त्याने निरोगी शेत उभे करून दाखविले. ते शेत कोणासाठी पिकवावयाचे, हे ठरविण्याचे काम शास्त्राचे नाही. ते आपले आहे, आणि ते येत्या लागण हंगामाच्या आत केले पाहिजे.